जवाच्या पाण्याचा खुलासा

मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना
१२ ऑक्टोबर

तीर्थरूप अहिल्याआत्या,

साष्टांग नमस्कार, आणि या खेपेला तो नुसता कागदावरचा नाही. कार्पेटवर पालथी पडून घातला, उठले, हात धुतले आणि मग लिहायला बसले. घरी घट बसले असतील. तुझे गुडघे आणि बाबांचं बीपी दोन्ही ताळ्यावर असतील अशी आशा आहे. बाकीची विचारपूस मागाहून करते, कारण आधी मागच्या पत्रातली एक चूक दुरुस्त करायची आहे, आणि ती दुरुस्त होईपर्यंत तू चहाला तोंड लावणार नाहीस असं परवा बाबांकडून कळलं.

ऑगस्टमधल्या पत्रात मी लिहिलं होतं, 'हल्ली मी घरी जवाचं पाणी करते आहे. शेजारच्या मनोहरकाकांनी सुचवलं, ते डॉक्टर आहेत. घाई करून चालत नाही म्हणतात, महिना-दीड महिना लागतो.' ही सगळी वाक्यं एकेक सुटी करून तपासली तर खरी आहेत (मी पाठवण्याआधी तपासली होती). एकत्र वाचली की मात्र त्यांतून एक आजारी मुलगी तयार होते, आणि तू तीच वाचलीस. तिला मूत्रपिंडाचं काहीतरी झालं आहे असं धरून तू धन्या-जिऱ्याची पूड पाठवलीस, डॉक्टरांना विचारून गोळ्या पाठवल्यास, ती बरी होईपर्यंत चहा सोडलास, आणि आवळ्याचा हंगाम, त्यातल्या सगळ्या मोरावळ्याच्या ऑर्डरींसकट, टाकून भाऊबीज झाली की इकडे यायचं तिकीट काढलंस. आत्या, ती मुलगी अस्तित्वात नाही. मी ठणठणीत आहे. ते जवाचं पाणी म्हणजे बिअर होती.

आता उठ आणि चहा टाक. आलं किसून घाल. झाला की पुढचं वाच, पत्र कुठे जात नाही.

हे सगळं फोनवर का सांगितलं नाही, असं तू विचारशील. तीनदा प्रयत्न केला. मी 'बरी आहे' म्हटलं की तू म्हणतेस, 'इतक्या पटकन म्हणालीस म्हणजे नाहीस', आणि 'अगदी छान आहे' म्हटलं की बाबांना हाक मारून सांगतेस की पोर लपवते आहे. शिवाय तूच शिकवलं आहेस की चूक ज्या रस्त्यानं गेली त्याच रस्त्यानं दुरुस्ती जायला हवी, पत्रातली पत्रानं. मूळ कागद पोस्टानं निघतील, ते तुझ्या चुका काढायच्या लाल शाईसाठी. चहाचा प्रश्न तातडीचा असल्यामुळे त्यांचे फोटो बाबांच्या फोनवर आजच पाठवते आहे. (बाबा, फोन चष्म्यासकट आत्याच्या हातात द्या. 'बिअर' या शब्दापर्यंत तुम्ही वाचलंच असेल, पण आता तरी थांबा.)

मनोहरकाका तुला नावानं माहीत आहेत. नागपूरचे, वय चौऱ्याहत्तर, इथल्या हॉस्पिटलात चाळीस वर्षं भूलतज्ज्ञ होते, आता निवृत्त. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मला ड्रायव्हिंग येत नव्हतं आणि इथे ड्राइव्ह न करणाऱ्या माणसाला दूधसुद्धा दुसऱ्याच्या सवडीनं मिळतं. काकांनी मला त्यांच्या जुन्या गाडीवर अकरा शनिवार शिकवलं, आणि अकरा शनिवारांत एकदाही स्टिअरिंगला हात लावला नाही. मी दुसऱ्याच्या लेटरबॉक्सला गाडी टेकवली तेव्हाही नुसते म्हणाले, 'आता रिव्हर्स शिकू.' हे उपकार कसे फेडावे ते मला कळत नव्हतं. म्हणून या उन्हाळ्यात ते म्हणाले, 'सावनी, एक काम होतं, पण नाही म्हटलंस तरी चालेल,' तेव्हा मी काम न ऐकताच हो म्हटलं. (ही माझी चूक. आधी ऐकायचं, मग हो म्हणायचं, हे तू मला मी सात वर्षांची असताना सांगितलं होतंस.)

काम असं, की काका तरुणपणापासून घरी बिअर करायचे. एकदा त्यांनी बाटल्यांत साखर जास्त घातली आणि पाहुण्यांच्या खोलीतल्या कपाटात त्या एकामागून एक फुटल्या. त्या वेळी त्या खोलीत काकांच्या आई, म्हणजे सुमेधाकाकूंच्या सासूबाई, झोपलेल्या होत्या. सासूबाईंना काही झालं नाही, पण काकूंनी त्या दिवसापासून ते सगळं सामान घराबाहेर काढलं आणि ते तीस वर्षं गॅरेजमध्ये पडून आहे. आता काकांना पुन्हा करायची इच्छा झाली. काकू म्हणाल्या, 'करा की, दुसऱ्याच्या घरात.' दुसऱ्याचं घर म्हणजे माझं. आणखी एक अडचण होती. तीन वर्षांपूर्वीच्या तापानंतर काकांचं नाक गेलं. दिसायला आहे, वास येत नाही. काकूंनी फोडणी करपवली तरी ते शांतपणे पेपर वाचत असतात. म्हणून त्यांना माझं घर, माझे हात आणि माझं नाक अशा तिन्ही गोष्टी हव्या होत्या.

मी पीत नाही हे तुला माहीत आहे, आणि अजूनही एक थेंब चाखलेला नाही (कारण पुढे येईल). हो म्हटल्यावर मात्र मला आठवडाभर धास्ती होती की हे बेकायदा असेल आणि माझा व्हिसा जाईल. मी कायदा शोधून वाचला. एकट्या प्रौढ माणसानं स्वतःपुरती वर्षाला शंभर गॅलनपर्यंत घरी केलेली चालते. आमची सव्वादोन गॅलन होणार होती. तरी मी तो कायदा छापून घेतला, त्या ओळीखाली रेघ मारली, आणि पासपोर्टची झेरॉक्स, व्हिसाची मंजुरी, लायसन्स हे सगळं एका फाइलमध्ये लावून ती शेगडीजवळ ठेवली.

आता कृती सांगते, म्हणजे तुला ती परकी वाटणार नाही. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे, भरडायचे. तू नाचणीचं सत्त्व करतेस तेच, फक्त धान्य वेगळं. (इथे हे मोड आणून भाजलेले जव दुकानात तयार मिळतात.) ते गरम पाण्यात तासभर ठेवून गाळायचे, त्या गोड काढ्यात एका वेलीची कडू फुलं घालून तासभर उकळायचं, गार करायचं, बरणीत ओतायचं, यीस्ट घालायचं आणि झाकण लावून दोन आठवडे विसरून जायचं. मग बेताची साखर घालून बाटल्यांत भरायचं आणि पुन्हा विसरायचं. काकांनी हे सांगितलं तेव्हा मी वहीत लिहून घेतलं खरं, पण लिहिता लिहिता वाटत होतं की यातलं बरंच मी कुठेतरी आधी ऐकलं आहे.

पहिल्या खेपेला, आठ ऑगस्टच्या शनिवारी, काका नेमके मुलाकडे शिकागोला गेले होते आणि मी एकटी होते. त्यांनी बरणी निर्जंतुक करायचं एक द्रावण देऊन ठेवलं होतं. ते बरणीत घालून हलवायचं, ओतून टाकायचं, आणि आत जो फेस उरतो तो तसाच ठेवून त्यावर काढा ओतायचा. धुवायचं नाही. चिठ्ठीत 'धुवायचं नाही' खाली त्यांनी दोन रेघा मारल्या होत्या. आत्या, मी त्या फेसाकडे दहा मिनिटं बघत उभी राहिले. तुझ्या हाताखाली वाढलेल्या माणसाला हे करणं शक्य नाही. चौथीपर्यंत मला शाळा नव्हती. बाबांच्या नोकरीच्या त्या धरणाच्या साईटवर होतं काय, एक दवाखाना, एक कँटीन आणि तू. मी टक्केवारी लोणच्याच्या मिठावर शिकले, अपूर्णांक बरण्यांवर शिकले, आणि शास्त्र म्हणून शिकले ते एवढंच की बरणी कोरडी, हात कोरडे, आणि बरणीला हिंगाची धुरी दिल्याशिवाय आत काही जाणार नाही. तेव्हा मी ती बरणी तीन पाण्यांनी धुतली, बाल्कनीत उन्हात वाळवली, आणि तू दिलेला खडा हिंग फडताळातून काढला.

निखारा नव्हता. इलेक्ट्रिक शेगडीवर उकळत्या काढ्याच्या पातेल्याशेजारी लोखंडी तवा तापवला, त्यावर हिंगाचा खडा ठेवला (खडा मोठा पडला, हे मान्य करते) आणि वर बरणी पालथी घातली. धूर आत जायचा तेवढा गेला, उरलेला छताकडे गेला. छताला धुराची घंटा असते. माझी वाजली, मग बाहेरच्या पॅसेजमधली वाजली, आणि मग सबंध इमारतीची. माझं सोडून चोवीस घरांतली माणसं सकाळी साडेदहाला पायजम्यांवर, कुत्री-मांजरं काखेत घेऊन लॉनवर उभी राहिली. धूर त्यांना दिसत नव्हता, वास येत होता, आणि इथल्या लोकांना हिंग माहीत नसल्यामुळे त्यांनी एकमतानं गॅस गळतो आहे असं ठरवलं. (आमच्या इमारतीत गॅस नाही. हे सांगायचा मी प्रयत्न केला.) सात मिनिटांत बंब आला.

हेल्मेट घातलेले दोघे जण आत आले. त्यांनी काही विचारण्याआधीच मी फाइल पुढे केली. मी सगळं सांगितलं. शंभर गॅलनांपैकी सव्वादोनच आहेत, मी स्वतः पिणार नाही, काका डॉक्टर आहेत, माझा व्हिसा अमुक तारखेपर्यंत आहे. त्यातल्या थोराड माणसानं फाइल शांतपणे पूर्ण वाचली, अगदी पासपोर्टसुद्धा, परत दिली आणि म्हणाला की मॅडम, आम्हाला फक्त तवा बघायचा होता. मग त्यानं उकळत्या पातेल्यात डोकावून 'पेल एल का?' असं विचारलं (हा बिअरचा एक प्रकार). तोही घरी करतो म्हणाला, बायको गॅरेजमध्येच करू देते. एकाएकी आम्ही ओळखीचे झालो. जाताना त्यानं बरणीत नाक घातलं आणि एक पाऊल मागे आला.

'यात घालणार?'

मी म्हटलं, आमच्याकडे अशीच पद्धत आहे.

'युअर कॉल,' तो म्हणाला आणि खिडक्या उघडून गेला.

त्या दुपारी मी चोवीस माफीची पत्रं लिहिली आणि प्रत्येकाबरोबर चिवड्याचा छोटा डबा दारात ठेवला. (तेविसावं आणि चोविसावं पत्र घाईत लिहिलं, अक्षर बिघडलं.) नऊ जणांची उत्तरं आली. समोरच्या घरातल्या बाई दोन वर्षं मला नुसत्या मान हलवत होत्या, त्या डबा परत करायला आल्या आणि चिवड्यात काय काय आहे ते विचारत अर्धा तास बसल्या. हेही तुझ्या हिंगामुळेच झालं, म्हणून इथे नोंदवून ठेवते.

बिअर मात्र तयार झाली. आता न चाखण्याचं कारण. नवी बरणी उघडली की पहिली फोड घरातल्या मोठ्या माणसानं चाखायची, तोवर करणाऱ्यानं तोंडात घालायची नाही, हा तुझा नियम मी लोणच्याला पाळला, मुरंब्याला पाळला, तो इथे मोडायचं काही कारण नव्हतं. शिकागोहून परतलेल्या काकांना मी बाटली उघडून दिली. वास मला येत होता, दारापर्यंत येत होता, पण मला वाटलं बिअर अशीच असते. मी आयुष्यात दुसरी हुंगलेली नव्हती. काकांनी अर्धा ग्लास संपवला, डोळे मिटले आणि म्हणाले, 'बॉडी छान आली आहे गं.' इतके खूश झाले की त्यांच्या जुन्या मंडळाच्या मीटिंगला चार बाटल्या आणि मला घेऊन गेले. घरी बिअर करणारे तीसेक लोक तिथे महिन्यातून एकदा जमतात, एकमेकांची चाखतात आणि कागदावर अभिप्राय लिहितात. आमच्या कागदावर पहिल्यानं लिहिलं, कांदा. दुसऱ्यानं लिहिलं, कांदा नव्हे, लसूण, आणि ओल्या मातीसारखं काहीतरी. तिसऱ्यानं उठून खोलीतला हीटर तपासला. चौथ्या, एका म्हाताऱ्या बाईंनी लिहिलं, 'हे वाईट आहे, पण मी आणखी घेईन.'

परतताना गाडीत मी कबूल केलं की मी बरणी धुतली आणि हिंगाची धुरी दिली. गाडी मी चालवत होते, म्हणून त्यांच्याकडे बघता आलं नाही. काकांनी रेडिओ बंद केला.

'हिंग?'

'हो काका. खडा.'

'तरीच. घशाशी काहीतरी ओळखीचं लागत होतं. मला वाटलं, वय झालं.' आणि मग इतके हसले की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. घरात शिरताच काकूंनी त्यांना विचारलं, 'वरण कुणाकडे जेवून आलात?' उरलेल्या सगळ्या बाटल्या काकूंनी जप्त केल्या आणि रविवारी त्यांत कांदाभज्यांचं पीठ भिजवलं. अशी भजी मी कधी खाल्ली नव्हती. (ती खाताना मी बिअर चाखली असं होतं का, यावर मी बराच विचार केला. तळताना दारू उडून जाते, असं काका म्हणतात.)

दुसऱ्या खेपेला, एकोणीस सप्टेंबरला, मी द्रावणाचा फेस तसाच ठेवला. डोळे मिटून ओतलं. बरणी कोटांच्या कपाटात अंधारात ठेवली, कारण बिअरला उजेड सोसत नाही, आणि वरून तू शिवलेली गोधडी गुंडाळली. बरणीच्या झाकणाला एक वाकडी नळी असते, तिच्यातल्या पाण्यातून आतली हवा बुडबुडे काढत बाहेर येते. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटातून गुडुप, गुडुप असा आवाज यायला लागला. मी ऑफिसचं काम घरून करते, दिवसभर तो आवाज पाठीशी होता, आणि खूप दिवसांनी मला घरात कुणीतरी काहीतरी करतं आहे असं वाटलं. काका रोज यायचे आणि झाकण उघडून बघायचं म्हणायचे. मी उघडू दिलं नाही. 'काका, बघितल्यानं मुरत नाही,' मी म्हटलं, आणि तो तुझा आवाज होता, माझा नव्हता. काका म्हणाले, 'हे मला अजून जमलेलं नाही. तुला कुणी शिकवलं?'

आत्या, इथे येऊन मला तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत प्रत्येक गोष्ट मी पहिल्यापासून शिकले आहे. बँक, रस्ते, कचरा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा, लोकांनी 'हाऊ आर यू' म्हटलं की खरं सांगायचं नसतं. दरवेळी मी वर्गात सगळ्यांत मागे होते. ही पहिली गोष्ट निघाली, जी मला आधीपासून येत होती. हात कोरडे ठेवणं, मोजून घालणं, झाकून ठेवणं, वाट बघणं. ते मला साईटवर, शाळा नसलेल्या घरात, तू दिलेलं आहे, आणि त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. म्हणायचं असतं हेच सुचलं नव्हतं. म्हणून हे पत्र आजारपणाच्या खुलाशापेक्षा लांब झालं.

तेव्हा आता माझी काळजी मिटली असं समज. चहा रोज दोनदा घे. तिकीट कॅन्सल कर, आवळे आण, मोरावळा कर, लोकांना शब्द दिलेला आहे. खोटं बोलून तुला इतक्या लांब बोलावणं मला मान्य नाही. रागावली असशील तर ते लाल शाईनं लिही, मी कागद जपून ठेवीन. बाबांना आणि आईला नमस्कार.

तुझी,
सावनी

ता. क. तू पाठवलेली धन्या-जिऱ्याची पूड मी पूर्ण घेतली, गोळ्याही घेतल्या. आजार नव्हता, पण तू पाठवलेलं औषध फेकणं दुसरं खोटं ठरलं असतं. काकांनी आधी गोळ्यांची नावं वाचली आणि अपाय नाही म्हणाले. आता मात्र खरंच दिवसातून नऊ वेळा जावं लागतं. हे औषधाचं आहे, आजाराचं नाही. चहा सोडू नकोस.

ता. क. २. वर 'तिकीट कॅन्सल कर' असं लिहिलं आहे. ते वाक्य मी तीनदा वाचलं आणि ते खरं नाही. मागच्या पत्रात अर्धं सांगितलं म्हणून एवढा घोळ झाला, तेव्हा उरलेलं अर्धं आत्ताच सांगते. कॅन्सल करू नकोस. दुसऱ्या खेपेच्या अठरा बाटल्या चार ऑक्टोबरला भरल्या आहेत आणि त्यांतली एकही उघडलेली नाही. काकांनी चाखली तर ते सगळ्यालाच छान म्हणतात, आणि माझ्या नाकावर माझा विश्वास राहिलेला नाही. झाकणाबाहेरून हुंगून लोणचं टिकेल की नाही ते सांगणारं एकच नाक मला माहीत आहे. पिऊ नकोस, चाखूही नकोस, आमच्या घरात कुणी तुला आग्रह करणार नाही. फक्त वास घे आणि चांगली झाली आहे की नाही ते सांग. आवळे सुमेधाकाकू इथल्या देशी दुकानातून आणतील, गोठवलेले असतात, तू नाक मुरडशील, तेही चालेल.

ता. क. ३. आल्यावर विमानतळावर मी गाडी घेऊन येईन. स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

ता. क. ४. तू बारा तारखेला उतरशील, एक दिवस झोपशील, चहा घेशील, मगच उघडू. आणि नाही आलीस तरी मी आणखी थांबणार नाही. तेव्हा या घरातलं मोठं माणूस मीच, असं धरून पहिला घोट मी घेईन. शनिवार, चौदा नोव्हेंबर, संध्याकाळी पाच वाजता.